आप लोग होते क्या हैं?

लखनौच्या महानगर भागात, गोल मार्केटात, आमचे एक किराणावाले आहेत. सामान घरपोच देतात, म्हणून वहीत नाव-पत्ता लिहून घेतात. आम्ही इथे नवे होतो तेव्हाची गोष्ट. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. ‘‘पूरा नाम?’’ मी आडनाव सांगितलं. पेन थांबलं. त्यांनी ते आडनाव दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि मग अगदी अदबीनं विचारलं, ‘‘भाभीजी, बुरा मत मानिएगा, पर आप लोग होते क्या हैं?’’

मी सांगून टाकलं. ‘‘ब्राह्मण हैं, महाराष्ट्र के.’’

‘‘अरे, पंडितजी लोग हैं! बैठिए, बैठिए!’’ आतून प्लास्टिकची खुर्ची आली, फडक्यानं पुसली गेली. मी बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. परक्या गावात कुणीतरी खुर्ची दिली की बरं वाटतंच.

लेक तेव्हा पहिलीत होती. घरी येताना तिनं विचारलं, ‘‘आई, आपल्याला खुर्ची का दिली?’’

‘‘दमलो होतो ना आपण.’’

‘‘ते आजोबा पण दमले होते. ते तर आपल्या आधी आले होते.’’

पांढऱ्या दाढीचे, टोपी घातलेले एक आजोबा आमच्या पुढे उभे होते खरे. हातात कापडी पिशवी. माझ्या लक्षातही आले नव्हते. मी म्हणाले, ‘‘समोर बघून चाल, ई-रिक्षा येतेय.’’

आईबाबांनो, आज तुमच्याशी बोलायचंय ते या ई-रिक्षेबद्दल. मुलांनी नेमका प्रश्न विचारला की आपल्या सगळ्यांकडे एकेक ई-रिक्षा तयार असते. ‘‘मोठी झालीस की कळेल.’’ ‘‘असं बोलू नये.’’ ‘‘आपल्याला काय करायचंय?’’ प्रश्न टळतो, पण मुलानं उत्तर घेतलेलं असतं. माझ्या लेकीनं त्या दिवशी काय टिपलं असेल ते मी नंतर कितीतरी दिवस जुळवत बसले होते: एक शब्द उच्चारला की खुर्ची येते, आई बसते, आणि त्याबद्दल विचारलं की आई विषय बदलते. म्हणजे यात काहीतरी आहे, आणि ते बोलायचं नसतं.

इथे राहून मला एक गंमत कळली. पुण्यात किंवा सांगलीत आपलं आडनाव सांगितलं की पुढचं सगळं समोरच्याला आपोआप समजतं, विचारावं लागत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे जात कुणी विचारत नाही’ असं आपण अभिमानानं सांगू शकतो. लखनौत मराठी आडनाव कुणाला वाचता येत नाही. कांबळे काय, कुलकर्णी काय, जाधव काय, सगळी सारखीच अगम्य. (जाधवांना तर सर्रास यादव करून टाकतात.) म्हणून इथे तोंडानं विचारावं लागतं, आणि आपल्याला तोंडानं उत्तर द्यावं लागतं. पुण्यात जे उत्तर माझं आडनाव माझ्या वतीनं देत होतं, ते इथे मला स्वतःच्या जिभेनं, लेकीच्या देखत द्यावं लागलं, म्हणून ते मला ऐकू तरी आलं. तुमचं आडनाव ऐकून खुर्ची काढून घेतली जात असेल, तर हे सगळं तुम्हाला कधीपासूनच ऐकू येत असणार. तुमच्या घरी मुलांशी काय बोललं जातं हे मी तुम्हाला सांगणं आगाऊपणाचं होईल. माझा रोख माझ्यासारख्यांकडे आहे.

लेक वाचायला शिकली तेव्हा तिचं आवडतं पुस्तक म्हणजे कपूरथला चौकात सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या मागच्या काचा. ठाकुर, ब्राह्मण, यादव, जाटव. ‘‘आई, हे ड्रायव्हरचं नाव आहे का?’’ सप्टेंबर 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर उत्तर प्रदेश सरकारनं गाड्यांवरची जातीची नावं काढायला सांगितली, पोलिसांच्या कागदपत्रांतूनही जातीचा उल्लेख वगळायचा आदेश निघाला. काचेवरचं स्टिकर नखानं खरवडून निघतं. आमच्या घरातल्या वाक्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला जास्त छळत होता.

त्या वाक्यांकडे मी कान देऊ लागले. आपण शिव्या देत नाही, कुणाला हाकलून लावत नाही, आपण सुशिक्षित. आपली सगळी करामत दोन लहानशा शब्दांत असते: ‘तरी’ आणि ‘असूनही’. ‘‘सावळी असली तरी नाकीडोळी छान आहे.’’ ‘‘मुसलमान असूनही घर किती टापटीप!’’ ‘‘त्यांच्यातला असला तरी बोलणं किती शुद्ध.’’ सगळी कौतुकाची वाक्यं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मूल भाषा शिकत असतं, आणि ‘तरी’चा अर्थ त्याला व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. ‘पाऊस असला तरी शाळेत जायचं’ या वाक्यात पाऊस ही अडचण आहे हे त्याला कळतं. मग ‘सावळी असली तरी’ मधली अडचण कोणती, तेही कळतं. आठवडाभर घरातले ‘तरी’ मोजून बघा. मी मोजले. बुधवारी सोडून दिलं.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या रिबेका बिगलर आणि मेगन पॅटरसन यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना काही आठवडे लाल किंवा निळे शर्ट घालायला दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाचा उल्लेखही केला नाही. इतर वर्गांत मात्र रांग लावताना, हाक मारताना रंगाचं नाव घेतलं: लाल मुलांनो, निळ्या मुलांनो. कुणाला चांगलं-वाईट म्हटलं नाही, फक्त नाव घेतलं. त्या वर्गांतल्या मुलांना आपला रंग चांगला असं वाटणं जास्त वाढलं. हे वाचताना मला लखनौतल्या आमच्या मराठी गणेशोत्सवातल्या जेवणाच्या पंगती आठवल्या. उत्तरेतल्या बऱ्याच शहरांच्या सराफ बाजारांत सांगली जिल्ह्यातली, खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा त्यांचा धंदा. आमच्याकडेही आहेत, कष्टाळू आणि गणपतीला सढळ हातानं वर्गणी देणारी. आणि आम्ही नोकरीवाली मराठी घरं त्यांच्याविषयी बोलताना ‘गलाईवाले’ म्हणतो, आमच्याविषयी बोलताना ‘आपण’ म्हणतो. घरापासून इतक्या दूर, मूठभर मराठी माणसं आणि त्यांतही दोन रंगांचे शर्ट. माझी लेक एकदा त्यांच्यातल्या एका मुलाच्या ‘न्हाई’ला हसली, तेव्हा तिला मी रागावले. रागावण्याचा अधिकार मला होता का, याविषयी अजून शंका आहे.

मग नियतीनं तिलाच दुसऱ्या बाजूला उभं केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुष्पक एक्स्प्रेसनं कल्याण, तिथून पुणं. लखनौत ‘भैया’ म्हणजे मोठा भाऊ. दूधवाला भैया, शेजारचा बारावीतला मुलगा भैया, राज्याच्या माजी मुख्यमंत्र्यांनाही कार्यकर्ते भैयाच म्हणतात. पुण्यात पाणीपुरीच्या गाडीवर तिच्या मामेभावानं ‘‘ए भय्या’’ अशी हाक मारली. शब्द तोच, सूर असा की लेक माझ्या मागे सरकली. ‘‘आई, दादा त्यांच्यावर चिडलाय का?’’ आणि दोन दिवसांनी, तिच्या तोंडून सवयीनं ‘हम आ रहे हैं’ निघालं तेव्हा सगळी भावंडं खिदळली: ‘‘ही तर भय्याणी झाली!’’ रात्री ती माझ्या कुशीत रडली. घरची माणसं, प्रेमाची माणसं, कुणाच्याही मनात विष नाही. पण शब्द लागायचा तसा लागला.

त्या रात्री मात्र मी ई-रिक्षा बोलावली नाही. बोलत राहिले. तिला सांगितलं की मुंबईत उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या माणसांना हा शब्द फेकून मारतात. 2008 च्या ऑक्टोबरात रेल्वेच्या भरती परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तरेतल्या मुलांना मारहाणही झाली होती. लखनौच्या आमच्या शेजारच्या आंटींनी मला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, ‘‘आपके उधर हम लोगों को मारते क्यों हैं?’’ आणि मी ‘ते राजकारणी लोक हो’ म्हणून सुटले होते. लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे मी त्या मुलाच्या न्हाईला हसले तसंच ना?’’ मी काही म्हणाले नाही. तिनंच म्हटलं होतं, पुरेसं होतं.

एक गोष्ट मला इथल्या एका आईनं शिकवली. तिचा मुलगा लेकीच्या वर्गात. डब्यात काय द्यायचं याचे तिचे नियम होते: अंडंसुद्धा नाही. ‘‘कोई कुछ कह दे तो?’’ मुलाला चार वर्षांचा असतानाच तिनं बजावून ठेवलं होतं की कुणी ‘पाकिस्तानी’ म्हटलं तर हात उचलायचा नाही, बाईंना सांगायचं, घरी येऊन सांगायचं, आणि क्रिकेटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी गप्प राहायचं. मी तिला विचारलं, इतक्या लहान वयात? ती हसली. म्हणाली, ‘‘आपके यहाँ सोचना पड़ता है कि कब बताएँ. हमारे यहाँ बताने से पहले बाहर कोई बता देता है.’’

‘मुलांचं बालपण नासवायचं नाही’ म्हणून हा विषय लांबवणं ही चैन आहे हे तेव्हा मला कळलं. काही घरांना ती परवडते, काहींना नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये याच राज्यात, मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत, अभ्यास केला नाही म्हणून शिक्षिकेनं एका लहानग्या मुसलमान मुलाला वर्गातल्या मुलांकडून एकेक थप्पड मारायला लावली. त्याचं चित्रीकरण देशभर फिरलं. सामाजिक कार्यकर्ते तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठानं राज्य सरकारला खडे बोल सुनावले. या प्रकरणातला एक भाग फारसा बोलला जात नाही, आणि आपल्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. न्यायालयानं मार खाणाऱ्या मुलाइतकंच मारणाऱ्या मुलांचंही समुपदेशन करायला सांगितलं. कसं करायचं हे सुचवायला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला नेमलं. आणि ते झालं नाही म्हणून 2024 मध्ये पुन्हा सरकारला फटकारलं.

ते चित्रीकरण मी एकदाच पाहिलं. मुलं एकेक करून उठतात, मारतात, जागेवर जाऊन बसतात. त्यांतलं एखादं मूल कचरत असेल. मोठ्या माणसानं सांगितलंय म्हणजे बरोबर असणार, एवढाच हिशेब त्या वयात असतो. आपलं मूल कोणत्या जागी असेल, याचा विचार करताना आपण सगळे त्याला मार खाणाऱ्याच्या किंवा सोडवणाऱ्याच्या जागी बघतो. उठून, मारून, परत जागेवर बसणाऱ्यांत ते असेल असं आपल्या मनाला शिवत नाही. म्हणून मी लेकीला हा प्रसंग सांगितला तेव्हा प्रश्न तिथलाच विचारला: बाईंनी तुझं नाव घेतलं असतं तर? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘हळूच मारलं असतं.’’ मला ते उत्तर फार खरं वाटलं. आम्ही त्यावर आठवडाभर बोलत होतो. हळू मारण्यानं त्याला काय वाटलं असतं, ‘नाही’ म्हणता आलं नाही तर निदान काय करता येतं, घरी येऊन मला सांगितलं असतंस का. ‘कधीच मारलं नसतं’ असं तिनं म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं.

घरात आजी-आजोबा असतील तर हे सगळं अवघड होतं, हे मान्य. माझी आई हिवाळ्यात इथे येते. कामाच्या दीदींचा कप तिनं पहिल्याच दिवशी खिडकीत वेगळा ठेवला. 2021 मध्ये मैनपुरी जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित मुलांची ताटं अशीच वेगळी ठेवत असल्याचं उघडकीला आलं, मुख्याध्यापिका निलंबित झाल्या. माझ्या आईला कोण निलंबित करणार? आणि ती माझ्या लेकीची लाडकी आजी, तिच्या हातच्या गुळपोळीशिवाय आमची संक्रांत होत नाही. लेकीनं विचारलं, ‘‘आजी वाईट आहे का?’’ मी म्हणाले, आजी चांगली आहे आणि कप वेगळा ठेवणं वाईट आहे, दोन्ही खरं आहे. कप मी ओट्यावरच्या इतर कपांत ठेवला. आईनं पाहिलं, बोलली नाही, दोन दिवस चहा कमी प्यायली. यापेक्षा मोठी क्रांती आमच्या घरात झाली नाही. तुमच्याकडे झाली तर कळवा.

गोष्टी सांगायच्या तर कोणत्या, असं मला पुष्कळ जणी विचारतात. परदेशातून आणायची गरज नाही. 1901 साल. साताऱ्याहून नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा पहिलाच प्रवास. मसूर स्टेशनवर उतरले, घ्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी मायेनं विचारपूस करतो, मुलं आपली जात सांगतात आणि त्याचा चेहरा पालटतो. दुप्पट भाडं देऊनही बैलगाडीवाला त्यांच्याबरोबर गाडीत बसायला तयार नाही. गाडी मुलांनी हाकायची, तो शेजारून चालणार. शिदोरी आहे पण रात्रभर प्यायला पाणी नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट नीट कळते, कारण नवे कपडे, मामाच्या गावाला जावं तसा प्रवास आणि तहान ही तिन्ही त्याला ठाऊक असतात. माझ्या लेकीचा पहिला प्रश्न होता: ‘‘त्यांनी खोटं का नाही सांगितलं?’’ या एका प्रश्नावर दोन संध्याकाळी गेल्या.

ही गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही गोमतीनगरच्या आंबेडकर पार्कात गेलो. खरं तर इतकी वर्षं लखनौत राहून आमच्या मराठी मंडळींत त्याचं नाव ‘हत्तींचा पार्क’. तिथल्या दगडी हत्तींवर, 2012 च्या निवडणुकीत पक्षचिन्ह म्हणून ते झाकायला लावले त्यावर, खर्चावर आमचे विनोद ठरलेले. लेक मात्र पुतळ्यांची नावं वाचत चालली होती. जोतिराव फुले. शाहू महाराज. डॉ. आंबेडकर. ‘‘आई, हे सगळे तर आपले!’’ तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबातल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, ‘‘आप लोग महाराष्ट्र से हैं? बाबासाहब के यहाँ से?’’ त्यांच्या स्वरात असा काही आदर होता की मला कसंनुसंच झालं. शाहू महाराजांना ‘राजर्षी’ ही पदवी 1919 मध्ये इथून दोन तासांवरच्या कानपुरात कुर्मी समाजानं दिली, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लेकीनं ‘‘हो, आम्ही तिकडचेच’’ असं मराठीत ठोकून दिलं आणि त्या बाईंच्या मुलाबरोबर हत्ती मोजायला पळाली.

सगळं जमलंय असं समजू नका. परवाच आमच्या गल्लीतल्या नेपाळी चौकीदाराला मी हाक मारली, ‘‘बहादुर!’’ लेक म्हणाली, ‘‘त्यांचं नाव विचारलंयस कधी?’’ सहा वर्षं ते आमच्या गाड्या राखतायत. विचारलं नव्हतं. आता विचारलं आहे, पण अजून तोंडात बसलेलं नाही, पटकन ‘बहादुर’च येतं आणि लेक माझ्याकडे बघते.

गेल्या महिन्यात गोल मार्केटातल्या त्याच दुकानात गेलो. किराणावाल्यांचा मुलगा हल्ली गल्ल्यावर बसतो, तो नवा, त्यानं नवी वही काढली होती. नाव. पूरा नाम. पेन थांबलं. ‘‘आंटी, ये कौन लोग होते हैं?’’

लेक माझ्याकडे बघत होती.

‘‘मराठी.’’

‘‘वो तो ठीक है आंटी, पर मतलब... उसमें?’’

‘‘बस, मराठी.’’

त्यानं खांदे उडवून तेवढंच लिहून घेतलं आणि सामान काढायला आत गेला. गर्दी होती, वेळ लागणार होता. माझे पाय दुखत होते. लेक सरळ जाऊन पिठाच्या पोत्यावर टेकली आणि शेजारी हात आपटून मला म्हणाली, ‘‘ये ना, इथे जागा आहे.’’